संत अंथोनीचे मासे, न फुटलेला पेला आणि इतर चमत्कार

अडगळ
मंडळी, सध्या मध्ययुगीन युरोपातल्या संतांबद्दल वाचतोय. चमत्कार खरे की खोटे यावर इथे पूर्वी भरपूर रणकंदन झालंय, तो विषय कृपया पुन्हा उकरू नका. माझा प्रश्न वेगळा आहे. कुठला चमत्कार कधी कागदावर आला?

इटलीतल्या पाडुआचा संत अंथोनी घ्या. मूळचा लिस्बनचा, नाव फर्नांदो. १३ जून १२३१ ला वारला आणि ३० मे १२३२ ला, वर्ष भरायच्या आत, पोप नववा ग्रेगरी याने त्याला संत जाहीर केलं. त्याच्या दोन गोष्टी जगभर फिरल्या. रिमिनीत लोक ऐकेनात, तेव्हा त्याने पाण्याकाठी जाऊन माशांना प्रवचन दिलं आणि मासे डोकी वर काढून ऐकत राहिले. दुसरी खेचराची. तीन दिवस उपाशी ठेवलेलं खेचर पुढ्यातला चारा सोडून ख्रिस्तप्रसादापुढे गुडघ्यावर बसलं.

आता गंमत बघा. तो गेल्यावर लगेच त्याच्या पंथातल्या एका निनावी साधूने पहिलं चरित्र लिहिलं. त्यात ना मासे आहेत ना खेचर. संतपदासाठी ५३ चमत्कार वाचून दाखवले गेले, त्यात बहुतेक कबरीपाशी बरे झालेले लुळेपांगळे, आंधळे, बहिरे, फेफरं येणारी मुलं. एखाद्या सरकारी दवाखान्याच्या केसपेपरसारखी यादी. मधेच एक वेगळा सापडतो: साल्वातेराचा आलेआर्दिनो नावाचा सरदार. लहानपणापासून पाखंडी. पाडुआत जेवायला बसला असताना पंगतीत अंथोनीच्या चमत्कारांच्या गप्पा निघाल्या. हा म्हणाला, हा काचेचा पेला फुटला नाही तर मानतो तुमच्या संताला. आणि माडीवरून पेला दिला भिरकावून. खाली दगडी फरशी होती. पेला शाबूत राहिला आणि गडी पेला घेऊन थेट मठात गेला.

माझं मत असं की नोंद जितकी जुनी तितका चमत्कार साधा, घरगुती. जनावरं, आगी, आकाशातून उडणं हे मागून येणाऱ्यांचं काम. इतर संतांबाबत कोणी असं ताडून पाहिलंय का?

निळा बोका
माशांचं कौतुक वाटतं. मधेच उठून चहाला गेले नाहीत.

मुळशीकर
आपल्याकडे त्याच शतकात रेड्याने वेद म्हटले, तिकडे खेचराने गुडघे टेकले. एकूण तेराव्या शतकातली जनावरं माणसांपेक्षा धार्मिक.

अडगळ
@मुळशीकर, हे कोणीतरी म्हणणार याची खात्रीच होती. :) पण रेड्याचा वेगळा धागा काढा, नाहीतर हा धागा पैठणला पोचेल आणि परत यायचा नाही.

पाणवठा
आमच्या वसईत अंथोनी म्हणजे हरवलेल्या वस्तूंचा संत. किल्ली, कर्णफूल, पासबुक, काहीही हरवलं की आजी आधी अंथोनीला हाक मारायची, मग गादी उचलायची. सापडलं की मंगळवारी चर्चमध्ये मेणबत्ती. माशांची गोष्ट आम्हाला धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवली होती. सगळी कोळीवाड्यातली पोरं. एकाने विचारलं, "फादर, प्रवचन झाल्यावर ते मासे धरले का?" त्याला वर्गाबाहेर काढलं.

तिरफळ
गोव्यात शिवोलीला जाऊन बघा. तिथल्या अंथोनीच्या मूर्तीच्या हातात दोरीला बांधलेला साप आहे. चर्चचं बांधकाम चालू असताना साप त्रास देत होता, तो सकाळी मूर्तीच्या हातातल्या दोरीत अडकलेला सापडला अशी गावची कथा.

आणि हा संत फौजेतही होता बरं का. पोर्तुगालमध्ये १६६८ साली लागोसच्या पलटणीत त्याचं नाव साधा शिपाई म्हणून घातलं, पुढे १६८३ ला कॅप्टन केला. मरून साडेचारशे वर्षं झाली होती.

निळा बोका
पंधरा वर्षांत शिपायाचा कॅप्टन, तेही गैरहजर राहून. आमच्या हापिसात हा चमत्कार रोज होतो.

दप्तरदार
अडगळ, तुमचा नियम मला पटलेला नाही. उलट बाजूचं एक भक्कम उदाहरण देतो, थोडं लांबेल.

इंग्लंडातल्या हेरफर्डचा बिशप थॉमस कँटिलुप. १२८२ मध्ये वारला, तोही आर्चबिशपशी भांडून बहिष्कृत अवस्थेत. म्हणजे संत व्हायला अगदीच गैरसोयीचा माणूस. पण कबरीपाशी चमत्कार सुरू झाले आणि १३०७ मध्ये पोपने चौकशी आयोग नेमला. त्या आयोगाचे कागद आजही आहेत.

त्यातलं एक प्रकरण वेल्सच्या विल्यम क्रॅगचं. बंडखोर माणूस. १२९० मध्ये स्वान्झीच्या जहागीरदाराने त्याला फाशी दिली. फाशीचं लाकूड मोडलं, पुन्हा टांगला, मेला म्हणून खाली उतरवला. जहागीरदाराच्या मुलाने जबानीत सांगितलं की चेहरा काळानिळा, डोळे बाहेर आलेले, जीभ सुजून लोंबत होती. इकडे जहागीरदारीणबाई लेडी मेरी हिला त्याची दया आली. तिने कँटिलुपची प्रार्थना केली आणि माणसं पाठवून प्रेताची लांबी दोऱ्याने मापून घेतली. त्या काळची रीतच होती. ज्याच्यासाठी मागणं मागायचं त्याला दोऱ्याने मापायचं, तेवढ्या लांबीच्या वातीची मेणबत्ती संताला वाहायची. जोडीला एक नाणं वाकवायचं, म्हणजे ते संताचं झालं, बाजारात चालवायचं नाही. माप घेतल्यावर थोड्या वेळाने प्रेताची जीभ हलली, मग पाय हलला. काही दिवसांनी क्रॅग गळ्यात फाशीचा दोर अडकवून जहागीरदार आणि त्याच्या बायकोबरोबर हेरफर्डला नवस फेडायला गेला.

सतरा वर्षांनी आयोगाने नऊ जणांना विचारलं. किती वेळ टांगला होता? कोणी उतरवलं? जीभ किती बाहेर होती? तुला हे कसं ठाऊक, तू कुठे उभा होतास? बडे लोक फ्रेंचमध्ये बोलले. खुद्द क्रॅग वेल्श बोलला, त्याला दुभाषे लावले. जबान्या तपशिलात जुळत नाहीत, आणि आयोगाने तो न जुळणाराही भाग तसाच लिहून ठेवला. १३२० मध्ये कँटिलुप संत झाला.

मेलेला माणूस उठला, यात घरगुती काय आहे? आणि नोंद तर प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची.

सांजवात
दोऱ्याने मापायचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या शेजारच्या काकू बाळाला दृष्ट लागली की डोक्यापासून पायापर्यंत दोरा धरायच्या आणि तो जाळायच्या. कुठे हेरफर्ड आणि कुठे सांगोला!

डॉ. कुळीथ
क्रॅगबद्दल वैद्यकीय बाजू. आपण फाशी म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर असतं ते खटका ओढला, माणूस खाली पडला, मानेचा मणका तुटला. ती पद्धत एकोणिसाव्या शतकातली. त्याआधी माणसाला नुसतं टांगायचे आणि तो हळूहळू गुदमरायचा. अशात बेशुद्ध झालेला, नाडी न लागणारा माणूस लवकर उतरवला गेला तर जगूही शकतो. ऑक्सफर्डला १६५० मध्ये अ‍ॅन ग्रीन नावाच्या बाईला फाशी देऊन शरीरविच्छेदनासाठी आणलं, तर डॉक्टरांना घशात घरघर ऐकू आली. ती बरी झाली. विल्यम पेटी आणि थॉमस विलिस हे दोघं नामांकित डॉक्टर तिथे हजर होते, म्हणजे बघणारे काही साधेसुधे नव्हते.

जीभ सुजणं, डोळे बाहेर येणं, सगळं गुदमरण्याशी जुळतं. साक्षीदार खोटं बोलत होते असं मानायची गरजच नाही. त्यांनी पाहिलं ते सांगितलं. "मेला होता" एवढा एकच निष्कर्ष त्यांचा स्वतःचा.

दप्तरदार
@डॉ. कुळीथ, बरोबर, आणि आयोगाचा बराचसा वेळ याच एका शब्दावर गेलाय. खरंच मेला होता का, हे त्यांनीही खोदून खोदून विचारलं.

जाता जाता, त्याच आयोगाने कबरीपाशी वाहिलेल्या वस्तूंची मोजदाद केली. माणसांच्या आणि अवयवांच्या मेणाच्या प्रतिमा १,४२४. चांदीची गलबतं १७०. बरे झालेल्यांनी सोडून गेलेल्या कुबड्या १०८.

निळा बोका
१०८! कोणीतरी जपमाळ धरूनच मोजल्या असणार.

मुळशीकर
मेणाचे हातपाय वांद्र्याच्या माऊंट मेरीला अजून मिळतात. सप्टेंबरच्या जत्रेत आमची आई गुडघेदुखीसाठी मेणाचा पाय वाहून आली होती. आम्ही पक्के वारकरी, माळकरी घर. विचारलं तर म्हणाली, "पांडुरंगाला गुडघ्याचं काय सांगायचं, तो स्वतःच अठ्ठावीस युगं उभा आहे."

पाणवठा
हाहा, आईंना साष्टांग नमस्कार!

एकटा जीव
एवढी चर्चा झाली आणि जुन्या गोव्याच्या झेवियरचं नाव नाही? न कुजलेलं शव, आत्ता २०२४ च्या शवप्रदर्शनाला आम्ही रांगेत उभे होतो.

तिरफळ
झेवियर मध्ययुगीन नव्हे हो. १५५२ ला वारला, १६२२ ला संत झाला. छापखाने, तोफा, गलबतं सगळं आलेलं. शिवाय धागा बघायला येणारे सगळे मग पायाच्या अंगठ्याच्या गोष्टीवरच थांबतील.

न कुजण्याचंच हवं असेल तर अंथोनीची जीभ आहे. १२६३ मध्ये त्याचं थडगं उघडलं तेव्हा बाकी देह गेला होता, जीभ मात्र शाबूत निघाली म्हणतात. उघडताना संत बोनाव्हेंचर हजर होता. पाडुआच्या चर्चमध्ये ती आजही ठेवलेली आहे. बोलणाऱ्या माणसाची जीभ मागे राहिली.

स्क्रू ड्रायव्हर
नेपल्सच्या सान जेनारोचं रक्त कोणी काढलं नाही अजून. कुपीतलं घट्ट काळपट रक्त वर्षातून तीनदा पातळ होतं. १९ सप्टेंबर हा मुख्य दिवस. इटलीतल्या तीन रसायनशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये तसाच पदार्थ बनवून दाखवला. व्हेसुव्हियसच्या परिसरात सापडणारं लोहाचं क्षार, खडू आणि मीठ, एवढंच. मध्ययुगातल्या कोणालाही जमेल. स्थिर ठेवला की घट्ट, हलवला की पातळ. आणि विधीत कुपी पातळ झाली का बघायला वरखाली करतातच. अर्थात खरी कुपी कोणी उघडू दिलेली नाही, त्यामुळे "असंही होऊ शकतं" इतकंच सिद्ध झालं.

अडगळ
@स्क्रू ड्रायव्हर, हे माझ्या प्रश्नाला उत्तम उदाहरण आहे. जेनारो स्वतः चौथ्या शतकाच्या आरंभीचा हुतात्मा. रक्त पातळ झाल्याची पहिली नोंद १३८९ ची. मधली हजारेक वर्षं कोणी रक्ताचं नाव काढलं नाही.

बांधावरचा
एक शंका. शेतकी कॉलेजात असताना "सेंट अँथनीज फायर" नावाचा रोग शिकलो होतो. तो हाच अंथोनी का?

डॉ. कुळीथ
नाही, तो इजिप्तचा तपस्वी अंथोनी, याच्या हजार वर्षं आधीचा. पण चमत्कारांच्या धाग्यात तो हवाच. राय नावाच्या धान्यावर अरगटची बुरशी यायची. तसलं पीठ पोटात गेलं की हातापायांत आग, मग रक्त थांबून बोटं काळी पडून गळायची. फ्रान्समध्ये अंथोनीच्या अस्थी होत्या तिथे अकराव्या शतकाच्या अखेरीस या रोग्यांची सेवा करणारा पंथ उभा राहिला. रोगी तिथे जायचे, राहायचे, पुष्कळांना उतार पडायचा. कारण सोपं आहे. घरचं बुरशीचं पीठ सुटायचं आणि तिथे चांगली भाकरी मिळायची.

बांधावरचा
धन्यवाद डॉक्टर. आमच्याकडे बाजरीवर येतो तो अरगट याचाच भाऊबंद. कणसातून आधी मधासारखा चिकट द्राव गळतो, मग दाण्याच्या जागी काळ्या गाठी. बी पेरायच्या आधी २० टक्के मिठाच्या पाण्यात टाकायचं, वर तरंगेल ते फेकायचं, खाली बसेल ते धुऊन सावलीत वाळवायचं. मिठाचं पाणी म्हणजे आमचा संत.

कोपरीकर
सगळे इटली-इंग्लंड फिरून आलात, आता जरा ठाण्याला उतरा.

१३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन, म्हणजे अंथोनीच्याच पंथातले, साधू मारले गेले. तोलेन्तिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. पाडुआचा हा जेम्स म्हणजे धाग्याच्या नायकाच्याच गावचा. निघाले होते पुढे पूर्वेकडे, जहाज ठाण्याला लागलं. तिथे काझीसमोर धर्मावरून वाद झाला आणि प्रकरण हाताबाहेर गेलं. काही काळाने ओडोरिक नावाचा साधू ठाण्याला आला, या साधूंच्या अस्थी गोळा केल्या आणि थेट चीनपर्यंत नेल्या. परत गेल्यावर १३३० मध्ये पाडुआत बसून त्याने सगळं सांगितलं आणि एकाने ते लिहून घेतलं.

त्याच्या सांगण्यानुसार जेम्सला पेटत्या आगीत टाकलं, तर केससुद्धा करपला नाही. वस्त्रामुळे वाचला म्हणून दुसऱ्यांदा कपडे काढून, अंगाला तेल लावून टाकलं. तरी तसाच बाहेर.

मला जास्त आवडतो तो जहाजावरचा प्रसंग. अस्थी घेऊन ओडोरिक दक्षिणेला कोल्लमकडे निघालाय. वारा पडला, जहाज जागचं हलेना. आधी मूर्तिपूजकांनी आपल्या देवांना आळवलं, काही नाही. मग मुसलमानांनी प्रार्थना केली, काही नाही. मग नाखव्याने या साधूंना सांगितलं की आता तुम्ही बघा, नाहीतर हाडं समुद्रात टाकू. यांनी प्रार्थना केली तरी वारा येईना. शेवटी ओडोरिकने गुपचूप एक हाड नोकराकडे देऊन नाळेवरून पाण्यात टाकायला लावलं आणि वारा सुटला.

अडगळ, इथे आग आहे, समुद्र आहे, आणि हे सांगणारा दहा वर्षांच्या आतला माणूस आहे. बसवा तुमच्या नियमात.

पाणवठा
याला जोड. त्या साधूंबरोबर आलेला जॉर्डनस वाचला होता, त्याने त्यांना सोपाऱ्याला नेऊन पुरलं. पुढे तो कोल्लमचा बिशप झाला. मी सोपाऱ्यापासून इतक्या जवळ वाढले, पण शाळेत बौद्ध स्तूपापलीकडे काही कानावर आलं नाही.

जाणता राजू
म्हणजे तेव्हापासूनच या लोकांनी…

मॉडरेटर
वरच्या प्रतिसादाचा पुढचा भाग उडवला आहे. आजच्या राजकारणासाठी वेगळे धागे आहेत. कोपरीकर, चालू द्या.

कोपरीकर
आभार. वातावरण निवळावं म्हणून ओडोरिकने केलेलं ठाण्याचं वर्णन देतो. काळे सिंह पुष्कळ, माकडं, कबुतराएवढी वटवाघळं, आणि कुत्र्याएवढे उंदीर. म्हणतो, इथे उंदरांना कुत्रे पकडतात, मांजरांचं काम नाही.

निळा बोका
काळ्या सिंहांबद्दल शंका आहे. उंदरांबद्दल नाही. आमच्या सोसायटीच्या गटारातली घूस बघून मी स्वतः जिना चढून परत गेलोय. ओडोरिक विश्वासार्ह साक्षीदार आहे, बाकीचंही मान्य करून टाका.

अडगळ
ठाण्याचं मला नवीन आहे, कोपरीकरांचे मनापासून आभार. पण एक गोष्ट नीट बघा. आगीत टाकलं तेव्हा ओडोरिक तिथे नव्हता. ती त्याने ऐकलेली गोष्ट. वाऱ्याच्या वेळी तो स्वतः जहाजावर होता आणि तिथे झालं काय? पडलेला वारा सुटला. किनाऱ्यावरच्या कुठल्याही नाखव्याला विचारा, पडलेला वारा केव्हातरी सुटतोच. क्रॅगचंही तेच, गुदमरलेला माणूस शुद्धीवर आला. डोळ्यांनी पाहिलेला चमत्कार आणि कानांनी ऐकलेला चमत्कार यांचा बाज वेगळा आहे. मुद्दा वर्षांपेक्षा अंतराचा आहे, असं हवं तर म्हणा.

दप्तरदार
हे जास्त पटतं, पण पूर्ण नाही. अंथोनीच्या पंथाचा संस्थापक असिसीचा फ्रान्सिस, त्याच्या अंगावरच्या खुणा बघा. हातापायांवर आणि कुशीत ख्रिस्तासारख्या जखमा, १२२४ मध्ये ला व्हेर्ना डोंगरावर उमटल्या म्हणतात. १२२६ मध्ये तो गेला तसं ब्रदर इलायस याने पत्र लिहून पंथाला कळवलं, आणि १२२८ मध्ये फ्रान्सिस संत झाला तेव्हा देह पाहिलेली माणसं जिवंत होती. असा प्रकार तोवर कोणी ऐकलेला नव्हता. डोळ्यांनी पाहिलेलाही चमत्कार विलक्षण असू शकतो. उलट गुब्बिओच्या लांडग्याला त्याने माणसाळवलं ती गोष्ट मागाहूनची, तिथे तुमचं बरोबर.

सांजवात
मला संत क्लारा आवडते. आजारी असल्यामुळे ख्रिस्तजन्माच्या मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) जाता आलं नाही, तर खोलीत पडल्या पडल्या तिला सगळी मिस्सा दिसली आणि ऐकू आली. म्हणून १९५८ मध्ये पोपने तिला टीव्हीची आश्रयदाती संत केलं.

निळा बोका
मग सासू-सुनांच्या मालिकांबद्दल तिच्याकडे तक्रार करता येईल का?

तिरफळ
कोणी कुत्र्याबद्दल बोललं नाही. गिनफोर्ट. फ्रान्समध्ये लिऑनच्या उत्तरेला तेराव्या शतकात बाया आजारी लेकरं घेऊन एका संताच्या थानाला जात. बोर्बनचा स्टीफन हा डोमिनिकन धर्मगुरू पापांची कबुली ऐकत होता, त्यात त्याला हे नाव सारखं यायला लागलं. चौकशी केली तर संत म्हणजे शिकारी कुत्रा! मालकाच्या बाळाला सापापासून वाचवलं, मालकाने तोंडाला रक्त बघून बाळ खाल्लं समजून त्यालाच ठार केलं, मग सत्य कळल्यावर विहिरीत टाकून वर दगड रचले, झाडं लावली.

मुळशीकर
अहो ही तर पंचतंत्रातली मुंगसाची गोष्ट! पाण्याची घागर घेऊन येणारी ब्राह्मणी, दारात रक्ताळलेल्या तोंडाचं मुंगूस. चौथीत होती आम्हाला.

तिरफळ
तीच. भाषांतरं होत होत पश्चिमेला गेली, वाटेत मुंगसाचा कुत्रा झाला. स्टीफनने कुत्र्याची हाडं उकरून जाळली, झाडं तोडली. तरी बाया पुढे कित्येक शतकं जातच राहिल्या.

दप्तरदार
आणि बुद्धही गेला त्याच वाटेने. बोधिसत्त्वाचा जोसाफत झाला, भारतातला राजपुत्र, ख्रिस्ती संत, जुन्या रोमन संतयादीत २७ नोव्हेंबर हा त्याचा दिवस होता. गोव्यात दप्तर सांभाळणारा इतिहासकार दियोगु दु कुतु याने सतराव्या शतकाच्या आरंभी बुद्धाची कथा ऐकली आणि ही जोसाफतच्या कथेशी जुळते असं लिहून ठेवलं. त्याला वाटलं बुद्धाची कथा जोसाफतवरून आली.

पाणवठा
दप्तरदार, यावर वेगळा धागा काढाच. आणि कोपरीकर, सोपाऱ्यात त्या काळी चर्च नक्की कुठल्या बाजूला असावं याबद्दल काही वाचलंय का? बाबांना विचारलं, ते म्हणतात बंदराकडे.

कोपरीकर
जॉर्डनसच्या पत्रात संत थॉमसच्या नावाचं चर्च म्हटलंय, जागा दिलेली नाही. या रविवारी येतो सोपाऱ्याला, बाबांना घेऊन फिरू. उंदीर दिसले तर मोजून ठेवू.